चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून सेन्सर बदलू नका
रावपुऱ्यातला मेकॅनिक म्हणाला म्हणून लगेच ऑक्सिजन सेन्सर (इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) मागवू नका. आधी गाडीला स्कॅनर (इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे बघा. इंजिन गरम झाल्यावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधीच्या साध्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली नाचायला हवं. कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरचं जवळपास स्थिर. मागचाही तसाच नाचत असेल तर संशय कन्व्हर्टरवर घ्या. धुराच्या पाइपच्या सेन्सरजवळच्या जोडातून गळती असली तरी आकडे खोटे येतात. आणि वायरिंग बघाच, उंदरांना ते फार आवडतं! बाकी देखभाल म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) अंगावर न काढणं, ऑइल जळू न देणं. सेन्सर पेट्रोलने धुणं, तारेच्या ब्रशने घासणं अजिबात नको. नवा बसवताना टोकाला सिलिकॉन लागू देऊ नका.