जनुकाचं नाव वाचून थांबू नकोस

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषांचे जनुकीय अहवाल आता तुझ्या टेबलावर येऊ लागतील. अशा दोषांशी जोडलेली ४००हून अधिक जनुकं आज माहीत आहेत. ती पाठ करत बसू नकोस. प्रत्येक अहवालाला दोन प्रश्न विचार: हे प्रथिन कोणत्या पेशीला लागतं, आणि या बदलामुळे त्याचं नेमकं काय झालं?

पहिला प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. बीटीके हे प्रथिन नसेल तर अँटिबॉडीसाठी लागणाऱ्या बी पेशींची वाढ अस्थिमज्जेतच अडते आणि अँटिबॉडी बनत नाहीत. आईकडून वारेतून आलेल्या आयजीजी या अँटिबॉडीवर बाळ पहिले काही महिने निभावतं. ती सरली की कान आणि फुप्फुसांचे संसर्ग सुरू होतात. आयएल२आरजी, म्हणजे पेशीवर संदेश झेलणाऱ्या रिसेप्टरचा एक भाग, बिघडलं तर टी आणि एनके या संसर्गाशी लढणाऱ्या पेशी तयार होत नाहीत. बी पेशी मोजणीत दिसतात, पण काम करत नाहीत. जॅक३ त्याच रिसेप्टरचा संदेश पुढे नेतो, म्हणून तो बिघडला तरी चित्र हेच. फरक वारशाचा आहे: आयएल२आरजी एक्स गुणसूत्रावर आहे, जॅक३ नाही. मुलीकडे सहसा दुसरं, चांगलं एक्स असतं; म्हणून मुलीत हे चित्र दिसलं, तर आधी जॅक३ बघ.

खरी मेहनत दुसऱ्या प्रश्नाला लागते. रॅग१, म्हणजे टी आणि बी पेशींचे रिसेप्टर घडवायला लागणारं प्रथिन, पूर्ण निकामी झालं तर टी आणि बी दोन्ही पेशी नसतात. त्याचं थोडं काम शिल्लक राहिलं, तर मोजकेच टी पेशींचे गट तयार होतात, बेसुमार वाढतात आणि बाळाच्याच त्वचेवर उलटतात: अंग लालबुंद, गाठी सुजलेल्या, आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारी अँटिबॉडी) वाढलेलं. हा ओमेन सिंड्रोम. जनुक एकच, पण दोन बाळं शेजारी ठेवली तर आजार एक वाटणार नाही. स्टॅट१ हे पेशीत संदेश पोचवणारं प्रथिन. त्याचं काम घटलं तर बीसीजी लसीतल्यासारखे दुबळे मायकोबॅक्टेरियाही (क्षयाच्या जंतूच्या कुळातले) शरीरभर पसरतात. काम वाढलं तर तोंडात, नखांत कँडिडा ही बुरशी वर्षानुवर्षं ठाण मांडते. जॅक प्रथिनं स्टॅट१ला चेतवतात, म्हणून वाढलेल्या कामावर जॅक रोखणारी औषधं उपयोगी पडतात. घटलेल्या कामात तीच घातक ठरू शकतात. म्हणून ‘स्टॅट१मध्ये बदल सापडला’ एवढ्यावर उपचार ठरवू नकोस.

स्टॅट३ हेही असंच संदेश पोचवणारं प्रथिन, ते जोडीने काम करतं. एक प्रत सदोष असली, तरी ती चांगल्या प्रतीला जोडीत ओढून अडकवते, त्यामुळे निम्म्याहून बरंच अधिक काम जातं. टी पेशींना आवर घालणाऱ्या सीटीएलए४ची एक प्रत बिघडली तर निम्मं प्रथिन उरतं आणि तेवढंही काहींना पुरतं. आईत तोच बदल आहे आणि ती ठणठणीत आहे, एवढ्यावरून तो बदल निरुपद्रवी ठरवू नकोस.

चुका कुठे होतात तेही सांगते. न्यूट्रोफिल्स या पांढऱ्या पेशींना जंतू मारायला लागणाऱ्या एनसीएफ१ला जवळजवळ हुबेहूब अशी दोन निकामी भावंडं जनुकं आहेत. नेहमीच्या सिक्वेन्सिंगमध्ये त्यांचे तुकडे मिसळतात आणि दोष निसटतो. अहवाल कोरा असला तरी न्यूट्रोफिल्सची डीएचआर चाचणी (हे जंतू मारण्याचं काम चालतं का ते दाखवणारी) कर. गंभीर दोषाच्या बाळात आईच्या टी पेशी शिरून आकडा फुगवतात, तेव्हा नुसती सीडी३ (टी पेशींवरची खूण) मोजू नकोस, त्यांतल्या कोऱ्या, म्हणजे अजून जंतूशी गाठ न पडलेल्या, सीडी४५आरए ही खूण असलेल्या, पेशी किती तेही बघ. आयजीजीचं इंजेक्शन दिल्यावर मोजलेलं आयजीजी दात्यांचं असतं. नमुना आधी घे. आणि तुलना वयाप्रमाणे कर: प्रौढात चालून जाणारी दर मायक्रोलिटरला २,०००ची लिम्फोसाइट (टी, बी आणि एनके पेशींची एकूण) संख्या तान्ह्या बाळात धोक्याची घंटा आहे.

अहवाल यायला आठवडे लागतात. टी पेशींच्या गंभीर दोषाचा संशय आला त्याच दिवशी बीसीजी, तोंडावाटेची पोलिओ आणि रोटाव्हायरस या जिवंत लसी थांबव. रक्त द्यावं लागलं तर ते किरणोत्सर्गाने प्रक्रिया केलेलं आणि सीएमव्ही या विषाणूपासून मुक्त असावं, असं मागणीपत्रावर स्वतःच्या हाताने लिही, आणि रक्तपेढीला फोनही कर.

कळावे.