वाचकांचे प्रश्न : गूळ खाऊनही शुगर वर का येत नाही?

मॅरेथॉनच्या तयारीबद्दल प्रश्न मागवले होते, त्यात शुगर असलेल्यांची पत्रं बरीच आली. त्यांपैकी पाच इथे घेतली आहेत. पत्रांची लांबी कमी केली, पण गोळ्यांची नावं आणि मीटरवरचे आकडे तसेच ठेवले. उत्तर बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

प्रश्न : वय ४६, टाइप टू. रोज सकाळी एकच गोळी, तिच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड १, मेटफॉर्मिन ५०० आणि व्होग्लिबोस ०.२ असं आहे. पाच वाजता चहाबरोबर ती घेऊन रंकाळ्यावर पळायला जातो. परवा रविवारी दहा किलोमीटर झाल्यावर हात थरथरायला लागले, दरदरून घाम सुटला. मीटरवर ५८. खिशातला गुळाचा खडा खाल्ला, मग आणखी एक. वीस मिनिटांनी बघतो तर ६१! आपला कोल्हापूरचा गूळ, आणि तो कामाला येऊ नये?
— राजारामपुरी

गुळाचा दोष नाही. गोळीवरचं तिसरं नाव पुन्हा वाचा.

गूळ काय, साखर काय, दोन्ही मुख्यतः सुक्रोज. सुक्रोज म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडगोळी. आतड्यात ही जोडी तुटली तरच ग्लुकोज रक्तात शिरतं. व्होग्लिबोसचं कामच मुळी ही तोडफोड लांबवण्याचं आहे, म्हणजे जेवणानंतर शुगर एकदम उसळत नाही. तुम्ही गोळी घेतली पाचला, गूळ खाल्ला तासा-दीड तासाने. औषधाने आपलं काम चोख केलं आणि गूळ पोटात अडकून पडला. ही गोळी चालू असताना साखर, गूळ, बिस्किटं, पेढा यांच्यावर हायपोसाठी, म्हणजे शुगर फार उतरल्यावर, विसंबू नका. सुटं ग्लुकोजच हवं. अकार्बोस हे त्याच जातीचं औषध, ते घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

मेडिकलमधून ग्लुकोज पावडर घ्या, पण लेबल वाचून. स्वादाच्या पावडरींत साखर मिसळलेली असू शकते, साधी घ्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १५ ग्रॅम मोजून झिपच्या लहान पिशव्या भरा. कागदाची पुडी नको, घामाने आणि पावसाने तिचा गोळा होतो. लांब पळताना अशा तीन पिशव्या जवळ हव्यात. मीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला की थांबायचं, चालायचंही नाही. एक पिशवी पाण्याच्या दोन-चार घोटांबरोबर घ्यायची, १५ मिनिटं बसायचं, पुन्हा तपासायचं. अजून ७० च्या खाली असेल तर दुसरी पिशवी. आकडा वर आला की मग केळं किंवा भाकरी. त्या दिवशीचं पळणं तिथंच संपवा, घरी रिक्षाने या. सोबत्यांनाही सांगून ठेवा : माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, ठसका लागून जिवावर बेतू शकतं. कुशीवर झोपवायचं आणि १०८ ला फोन.

मोजताना एक चूक फार जण करतात. गूळ किंवा केळं खाल्लेल्या बोटाला तसंच टोचलं तर कातडीवरची साखर रक्ताच्या थेंबात उतरते आणि शुगर ५८ असताना मीटर १८० दाखवतो. माणूस निर्धास्त होतो आणि पुन्हा पळायला लागतो. बोट पाण्याने धुवून कोरडं करा. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या.

आता शुगर उतरलीच का, ते. मेटफॉर्मिन एकटी असती तर असं सहसा होत नाही. ग्लिमेपिराइड मात्र पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, आणि घेतल्यापासून दोन-तीन तासांत तिचा जोर सर्वांत जास्त असतो. पळणारे स्नायू वेगळे ग्लुकोज ओढत असतात. नुसत्या चहावर ही दोन्ही ओढ एकाच वेळी लागली. लांब पळण्याच्या दिवशी गोळी परत आल्यावर न्याहारीबरोबर घ्यायची, मात्रा कमी करायची की गोळीच बदलायची, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने करू नका. जाताना चार रविवारचे आकडे लिहून न्या : निघताना, पाऊण तासाने, संपताना, दोन तासांनी आणि झोपताना. डॉक्टरांना निर्णय घ्यायला तोंडी हकिकतीपेक्षा तो कागद जास्त उपयोगी पडतो.

प्रश्न : मी २४ वर्षांची, टाइप वन, अकराव्या वर्षापासून. रात्री एकदा लांब टप्प्याचं इन्सुलिन आणि जेवणाआधी तीन वेळा झटपट इन्सुलिन घेते. जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन करायची आहे. पळताना शुगर छान राहते. पण रविवारी २४–२५ किलोमीटर झाले की रात्री दोन-तीनला सेन्सर (दंडावर चिकटवलेलं, सतत शुगर मोजणारं यंत्र) ओरडतो, ५५–६० दाखवतो. आई तर आता पळणंच बंद कर म्हणते.
— विद्यापीठ परिसर

पळणं बंद करायची गरज नाही. आईंना हे उत्तर जरूर वाचायला द्या.

२५ किलोमीटर पळताना पायांच्या स्नायूंतला आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या ग्लुकोजचा, साठा बराच संपतो. घरी आल्यावर शरीर तो पुन्हा भरत बसतं, रक्तातून ग्लुकोज ओढून. हे काम तासाभराचं नाही. पळून झाल्यावर सहा ते बारा तासांत शुगर उतरण्याचा धोका मोठा असतो आणि २४ तासांपर्यंत टिकू शकतो. त्यात स्नायू इन्सुलिनला जास्त दाद द्यायला लागलेले असतात, आणि तुमचं रात्रीचं इन्सुलिन मात्र रोजच्याइतकंच. म्हणून संध्याकाळी लांब पळू नका. सकाळी पळा, म्हणजे उतरणीचा बराच भाग तुम्ही जाग्या असताना पार पडतो.

पळून आल्यावर पहिल्या तासात पोटभर न्याहारी हवी : पोहे किंवा इडली आणि सोबत अंडी, दही असं काही. या न्याहारीचं आणि दुपारच्या जेवणाचं इन्सुलिन किती कमी करायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. रात्रीचं इन्सुलिन लांब पळाल्याच्या दिवशी साधारण २० टक्क्यांनी कमी करून बघतात. तुमच्यासाठी तो आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. झोपताना शुगर १२० च्या आत असेल तर एक कप दूध आणि दोन बिस्किटं, त्यासाठी इन्सुलिन न घेता. सेन्सरचा इशारा त्या रात्री ८० वर लावा. दंडावर सेन्सर असेल आणि त्याच कुशीवर झोपलात तर दाबामुळे तो खोटा कमी आकडा दाखवतो, म्हणून इशारा वाजला की बोटाला टोचून खात्री करून घ्या. त्या रात्री दारू अजिबात नको. यकृत तिच्यात गुंतलं की ग्लुकोज सोडत नाही.

आता निघण्याआधीचे आकडे, इन्सुलिन घेणाऱ्या सगळ्यांसाठी. ९० च्या खाली असेल तर १० ते २० ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि ९० च्या वर येईपर्यंत निघू नका. ९० ते १२५ असेल तर १० ग्रॅम घेऊन निघा. १२६ ते १८० सर्वांत बरं. त्यापुढे २७० पर्यंत पळता येतं, फक्त सुरुवातीला खाऊ नका. २७० च्या वर असेल आणि कारण कळत नसेल, तर कीटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासा. रक्तात १.५ मिलिमोल किंवा त्याहून जास्त, किंवा लघवीच्या पट्टीवर दोन अधिक चिन्हं आली, तर पळणं नाही, डॉक्टरांना फोन. इन्सुलिन कमी पडलेलं असताना पळलं की शुगर उतरत नाही, चढते, आणि रक्त आम्लयुक्त होत जातं. आदल्या २४ तासांत बेशुद्ध पडण्याइतकी किंवा दुसऱ्याची मदत लागण्याइतकी शुगर उतरली असेल, तर आकडा कितीही चांगला असो, त्या दिवशी विश्रांती.

पळताना अर्ध्या तासाला सेन्सर बघा. त्याचा आकडा रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो, म्हणून आकड्यापेक्षा शुगर चढतेय की उतरतेय हे दाखवणाऱ्या बाणाकडे लक्ष द्या. १३० आणि बाण सरळ खाली असेल, तर १३० वर समाधान मानू नका, लगेच खा. एक तासाच्या पुढे दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. ओआरएसवर मात्र भिस्त ठेवू नका : एक लिटरच्या पाकिटात ग्लुकोज जेमतेम १३.५ ग्रॅम, म्हणजे पेलाभर प्यायल्यावर तीन ग्रॅमही नाही. ते मिठासाठी आहे, शुगरसाठी नाही. आणि पळण्याआधी मांडीत टोचू नका, पळणाऱ्या पायातून इन्सुलिन भराभर रक्तात जातं. पोटाला टोचा.

मुंबईबद्दल. जानेवारीत कोल्हापूरची पहाट गार असते, तिथली दमट. इथे बसवलेलं पाण्याचं गणित तिथे पुरणार नाही, म्हणून एक दिवस आधी पोहोचा. सुरुवातीच्या रेषेवर उभं राहिलं की अॅड्रेनलिनने, म्हणजे ताणात सुटणाऱ्या संप्रेरकाने, शुगर २०० वर गेलेली दिसेल. ती खाली आणायला रोजच्या हिशेबाने इन्सुलिन घेतलंत तर पहिल्या दहा किलोमीटरमध्येच हायपो गाठेल. धावता धावता ती बहुधा आपोआप उतरते. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ उशिरा येतो, साठा संपत आलेला असताना. त्याच्या आधीच खाऊन घ्या, चढ लागल्यावर नाही. इन्सुलिनचं पेन गाडीत ठेवू नका. बिबच्या (छातीवर लावायच्या नंबरच्या कागदाच्या) मागे मोठ्या अक्षरांत लिहा : मधुमेह, इन्सुलिन चालू, आणि घरचा फोन नंबर.

प्रश्न : सपाटीवर पळलो की शुगर उतरते. पण जोतिबाचा चढ जोरात मारला की १४० ची २१० होते. व्यायामाने शुगर वाढते हे कसं?
— वडणगे

जोर लावला की शरीर घाबरल्यासारखं वागतं. अॅड्रेनलिन यकृताला हुकूम देतं आणि ते साठ्यातलं ग्लुकोज भसाभस सोडतं, स्नायूंना वापरता येईल त्याहून जास्त. साधारण तास-दोन तासांत ते खाली येतं. तेवढ्यावरून व्यायाम मानवत नाही असं समजू नका, आणि इन्सुलिन घेत असाल तर चढ संपल्या संपल्या वाढीव मात्रा टोचू नका. चढ मारल्यावर २० मिनिटं सावकाश पळा किंवा चाला.

प्रश्न : डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन घेतो. वजन उतरावं म्हणून तीन महिने भात, भाकरी, चपाती बंद. आता ३२ किलोमीटरचा सराव आहे. हल्ली पळून आल्यावर मळमळतं, पोटात दुखतं, दम लागतो. पण शुगर १५० च्या पुढे जात नाही. म्हणजे पित्तच ना?
— शाहूपुरी

पित्त समजून घरी बसू नका. लांबचं पळणं आजपासून थांबवा आणि हे पत्र डॉक्टरांना दाखवा. पुन्हा उलटी, दम किंवा पोटदुखी झाली तर शुगर कितीही असो, थेट दवाखाना गाठा आणि रक्तातले कीटोन तपासून मागा.

डापाग्लिफ्लोझिनची गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते. त्यामुळे रक्तातली शुगर बेताची दिसते, पण कर्बोदकं बंद असतील, पाणी कमी पडलं असेल आणि त्यावर तीन-चार तास पळलं, तर शरीर चरबी जाळून कीटोनचा ढीग लावतं. शुगर १५० असतानाही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे कीटोनमुळे रक्त आम्लयुक्त होणं, होऊ शकतो. मीटर बरा दिसतो म्हणून लोक उशिरा जातात, यातली खरी भीती हीच आहे. ऑपरेशनच्या आधी ही गोळी तीन दिवस बंद ठेवतात ती याच कारणाने. मॅरेथॉनआधी किती दिवस थांबवायची हे डॉक्टर सांगतील. पण भाकरी बंद, ही गोळी चालू आणि ३२ किलोमीटर, या तिन्ही गोष्टी एकत्र चालणार नाहीत. लांबचं पळायचं तर भाकरी-भात परत ताटात आणा.

प्रश्न : वय ५८, शुगरला १५ वर्षं झाली. तळपायांना मुंग्या येतात, कधी कधी जमीन कापसासारखी लागते. निवृत्तीनंतर पळायला सुरुवात करायची आहे. बूट घ्यावेत, की अनवाणी गवतावर बरं?
— फुलेवाडी

अनवाणी नको, गवतावरही नको. काचेचा तुकडा टोचलेला तुम्हाला कळणार नाही.

बुटांच्या आधी तीन तपासण्या करा. पायाची संवेदना : १० ग्रॅमचा नायलॉन धागा तळव्याच्या ठरावीक जागी टेकवून बघतात, दोन मिनिटांचं काम. डोळे : बाहुली मोठी करून आतला पडदा तपासा. तिथे नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या असतील तर धावणं आणि जड वजन उचलणं उपचार होईपर्यंत बंद, कारण डोळ्यात रक्त उतरू शकतं. आणि हृदय : १५ वर्षांच्या शुगरमध्ये छातीत न दुखताही हृदयाला रक्त कमी पडत असू शकतं, म्हणून ईसीजी आणि ताण चाचणीबद्दल डॉक्टरांशी बोला. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर शुगर उतरल्यावर छातीत धडधडणार नाही. घाम मात्र येईल, तेवढीच खूण लक्षात ठेवा.

संवेदना कमी निघाली तर सहा महिने चालणं, सायकल, पोहणं, आणि मॅरेथॉनचा विचार त्यानंतर. संवेदना ठीक असेल तर बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. पळताना घालायचे मोजे घालूनच मापून बघा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. मोजे सुती नकोत : पावसाळ्यात सुती मोजा भिजून तसाच राहतो आणि फोड येतो. रोज बुटात हात घालून खडा, दुमडलेली शिवण चाचपा. आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि तळव्याखाली आरसा धरून बघा. फोड दिसला तर तो फोडू नका, बरा होईपर्यंत पळू नका. घरात नव्या कोल्हापुरी चपला मऊ होईपर्यंत घालण्याची सवय असेल, तर तेही बंद. कातडी पट्टा अंगठ्याच्या बेचकीत लागतो, तुम्हाला कळत नाही, आणि चौथ्या दिवशी मोज्यावर डाग दिसतो.