पगार वाढतोय की नुसतं भाडं?

प्रश्न : मी नाशिकची, वय ३६. पाच वर्षांपासून मस्कतच्या एका भारतीय शाळेत विज्ञान शिकवते. पगार ४८० रियाल, राहायला शाळेचीच जागा. आता दुबईच्या एका शाळेने ६,५०० दिरहॅम देऊ केलेत, घरभाडं त्यातच. मूळ वेतन २,६००. पाहून ठेवलेल्या स्टुडिओचं भाडं वर्षाला ४०,०००. सात वर्षांची मुलगी सिडकोत सासूबाईंजवळ असते, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत. सासूबाई म्हणतात, आता पुरे, घरी ये. मिस्टर काहीच बोलत नाहीत. दुबईत मुलीला जवळ ठेवता येईल, म्हणून जीव ओढतो. राजीनामा देऊ का?

उत्तर : ताई, आज तरी देऊ नका.

आधी हिशेब. रियाल आणि दिरहॅम दोन्ही डॉलरला बांधलेले, त्यामुळे एका रियालचे साधारण ९.५५ दिरहॅम होतात आणि हा दर फारसा हलत नाही. म्हणजे आज तुमच्या हातात ४,५८४ दिरहॅम पडतात, तेही भाड्याविना. दुबईत ६,५०० मधून महिन्याचं ३,३३३ भाडं गेलं. वीज-पाण्याच्या बिलातून भाड्याच्या ५ टक्के पालिका शुल्क जातं, ते महिना १६७. उरले ३,०००. वीज-पाणी आणि बस अजून धरलेलीच नाही! शिवाय तिथे भाडं आगाऊ तारखांच्या चेकने देतात. चार चेक ठरले तर पहिलाच १०,००० चा. अनामत ५ टक्के, एजंट साधारण ५ टक्के, वीज-पाण्याची अनामत २,०००. पहिला पगार व्हायच्या आत १६,००० दिरहॅम हवेत. ग्रॅच्युइटीही मूळ वेतनावरच मिळते : अमिरातीत पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांची, म्हणजे तुमच्या बाबतीत १,८२०. ओमानमध्ये २०२३ च्या कायद्यापासून वर्षाला पूर्ण महिन्याचं मूळ वेतन आहे.

तेव्हा शाळेला सरळ लिहा : राहायला जागा द्या, नाहीतर घरभाडं वेगळं द्या. मुलीच्या फीत किती सवलत, तेही नेमणूकपत्रातच लिहून मागा. तोंडी ‘बघू’ला काही अर्थ नाही.

आता कागदपत्रं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. ओमान अपोस्टिल करारात आहे, म्हणजे एका ठरावीक शिक्क्यावर एकमेकांचे कागद मान्य करणाऱ्या देशांच्या करारात, म्हणून मस्कतला जाताना पदवीवर स्टिकर लावून तुमचं काम भागलं असेल. अमिरात त्या करारात नाही. तिथे राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साधं साक्षांकन, मग भारतातल्या अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का आणि शेवटी अमिरातीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, असा चढता क्रम आहे. एक पायरी गाळली की कागद परत. शिक्के मूळ प्रतीवर बसतात, त्यामुळे पदवी मस्कतला कपाटात ठेवून भागणार नाही. मिस्टरांकडे अधिकारपत्र आणि पासपोर्टची प्रत देऊन ठेवा, अधिकृत एजन्सीमार्फत ते इथून करता येतं. पदवी म्हणजे पदवीदान समारंभानंतरचं प्रमाणपत्र. गुणपत्रिका किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र त्याच्या जागी चालत नाही.

पदवीवर माहेरचं आडनाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर महापालिकेचा विवाह नोंदणी दाखलाही याच साखळीतून न्या. मुलीचा जन्मदाखलाही सोबतच द्या, नाहीतर पुन्हा तीच पायपीट. बी.एड. मुक्त विद्यापीठाचं असेल तर अर्ज करण्याआधी ते शाळेला कळवा. दुबईत शिक्षकाच्या नेमणुकीला केएचडीएची, म्हणजे तिथल्या खासगी शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, मान्यता लागते आणि पदवी नियमित की दूरस्थ, हा प्रश्न तिथे निघू शकतो. ही मान्यता लेखी हातात आली की मगच मस्कतला राजीनामा.

मस्कत सोडण्याआधी अनुभवाचा दाखला आणि रॉयल ओमान पोलिसांचा चारित्र्य दाखला काढून घ्या. रहिवासी कार्ड चालू असताना तो सोपा, नंतर नाशिकहून फार कटकटीचा. बँकेचं कर्ज, कार्ड मिटवा.

राहिली मुलगी. सगळ्या पत्रात मला खरा प्रश्न हाच दिसला. अमिरातीत आईला मुलांचा व्हिसा काढता येतो. पगार ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० आणि राहायला जागा, असा निकष आहे. तुम्ही त्यात बसता. पण वडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागतं. म्हणजे मिस्टरांना गप्प बसून चालायचंच नाही, सही त्यांची आहे. त्यांना ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं मोघम विचारू नका. वरचे आकडे कागदावर मांडा आणि दोनच गोष्टी विचारा : मुलगी दुबईला यावी असं त्यांना वाटतं का, आणि शाळा सुटल्यावर तुम्ही घरी येईपर्यंत तिला कोण पाहणार? सासूबाईंशी बोलणं त्यांनीच करावं, तुम्ही फोनवरून नको. ‘घरी ये’मागे नातीच्या दुराव्याची भीती किती आणि त्यांची स्वतःची दमणूक किती, हे मुलालाच नीट कळेल.

शाळेने जागा दिली नाही, तर मी दुबई सोडून देईन. मुंबईहून विमानाने मस्कत काही दुबईपेक्षा लांब नाही.