वाचकांचे प्रश्न : कार्बन फायबरच्या कंपनीत पैसे घालताना

प्रश्न : एअरबस आणि बोईंगकडे हजारो विमानांच्या ऑर्डर पडून आहेत. मग त्यांना कार्बन फायबर पुरवणाऱ्या कंपनीचे पुढच्या आठ-दहा वर्षांचे उत्पन्न पक्के धरायला काय हरकत आहे?

हरकत आहे. पुरवठादाराचे बिल ऑर्डरवर निघत नाही, विमान बांधायला घेतले की निघते. त्यामुळे ऑर्डर बुक बाजूला ठेवा आणि दोनच आकडे शोधा : त्या मॉडेलची महिन्याला किती विमाने बांधली जातात आणि एका विमानामागे या कंपनीचा किती डॉलरचा माल जातो. या दुसऱ्या आकड्याला धंद्यात शिपसेट म्हणतात.

अमेरिकेतल्या हेक्सेल या कंपनीचे उदाहरण घेऊ. एअरबस ए-350 च्या वजनात 53 टक्के कंपोझिट (कार्बन फायबर आणि त्याला घट्ट बांधणारे रेझिन, म्हणजे राळ, यांचे मिश्रण) असते आणि एका विमानामागे हेक्सेलचा साधारण 45 ते 50 लाख डॉलरचा माल लागतो. ए-320 निओ किंवा 737 मॅक्ससारख्या छोट्या विमानाचा सांगाडा अजून मुख्यतः अॅल्युमिनियमचा आहे, त्यामुळे तिथे हाच आकडा 2 ते 5 लाखांवर येतो. एअरबसने 2019 मध्ये 112 ए-350 विमाने ग्राहकांना दिली, 2021 मध्ये 55. फरक 57 विमानांचा. 45 लाखांच्या हिशेबाने 25 कोटी 65 लाख डॉलरची विक्री गेली. छोट्या विमानाचा वरचा, म्हणजे 5 लाखांचा आकडा धरला तरी हा खड्डा भरायला वर्षाला 513 जादा छोटी विमाने बांधावी लागतील. ‘विमान उद्योग सावरला’ अशी बातमी वाचल्यावर कुठले विमान सावरले, हे आधी विचारायचे ते यासाठी.

आणखी एक गोम आहे. माल विमानाच्या डिलिव्हरीच्या काही महिने आधी जातो. विमान बांधणाऱ्या कंपनीने वेग वाढवण्याचे वेळापत्रक पुढे ढकलले, तर तिच्या भागउत्पादकांकडे आधीच घेतलेला साठा पडून राहतो. ते तो आधी संपवतात आणि मगच नवी मागणी नोंदवतात. परिणामी एक-दोन तिमाह्या अशा जातात की विमाने तितकीच बाहेर पडतात, पण पुरवठादाराची विक्री घटते. वेळापत्रक ढकलण्याचे कारण कंपोझिटशी संबंधित असेलच असेही नाही. सीट, टॉयलेट किंवा इंजिन वेळेवर आले नाही तरी विमान अडते. बोईंग 787 ची डिलिव्हरी मे 2021 ते ऑगस्ट 2022 जवळपास बंद होती. त्यामागे धडाच्या जोडांतल्या फटी होत्या. मर्यादा इंचाच्या हजार भागांपैकी पाच भागांची, म्हणजे सुमारे 0.13 मिलिमीटरची. फायबरमध्ये दोष नव्हता, तरी झळ पुरवठादारांपर्यंत पोहोचली.

प्रश्न : उद्या दुसऱ्या कंपनीने तेच फायबर दहा टक्के स्वस्त देऊ केले, तर विमान कंपनी पुरवठादार बदलणार नाही का?

चालू मॉडेलमध्ये सहसा नाही. ‘तेच फायबर’ अशी गोष्टच इथे नसते. विमानाला मान्यता मिळते ती ठरावीक फायबर, ठरावीक रेझिन आणि ठरावीक कारखान्यातली ठरावीक प्रक्रिया या सगळ्यांसकट. नवे मटेरियल आणायचे तर वेगवेगळ्या बॅचमधून पट्ट्या कापून त्या ताणून, दाबून, वाकवून मोडाव्या लागतात. थंडीतली चाचणी उणे 54 अंश सेल्सिअसच्या आसपास होते. गरम-दमट चाचणीसाठी पट्ट्या आधी ओलाव्याने भिजू द्याव्या लागतात, त्यातच कित्येक आठवडे जातात. या आकड्यांवरून डिझाइनसाठी धरायची ताकद ठरते. तिच्या ‘बी’ पातळीचा अर्थ असा : 95 टक्के खात्रीने सांगता येते की 90 टक्के माल याहून मजबूत आहे. ‘ए’ पातळीला 90 च्या जागी 99 येतात. पट्ट्यांनंतर छोटे जोड, मग मोठे भाग, शेवटी अख्खा पंख. काही वर्षे आणि भरपूर पैसा खर्चून दहा टक्के वाचवायला कोणी बसत नाही, कारण विमानाच्या एकूण किमतीत मटेरियलचा वाटा लहान असतो.

गुंतवणूकदार याला सुरक्षित तटबंदी म्हणतात. बरोबर आहे, पण ती आतून बाहेर पडायलाही अडवते. पुरवठादाराला स्वतःची नवी फायबर लाइन सुरू करायची असेल, तर तीही ग्राहकाकडून मंजूर करून घ्यावी लागते. लाइन उभी राहिली, घसारा सुरू झाला, पण मंजुरी नाही म्हणून विक्री नाही, असा काळ येतो. शिवाय दीर्घ करारात भाव बहुधा आधीच बांधलेले असतात. महागाई आली की कच्चा माल आणि विजेचा किती बोजा ग्राहकावर टाकता येतो, ते करारातल्या कलमांवर ठरते. वार्षिक अहवालातल्या जोखमीच्या प्रकरणात ही माहिती असते. कंटाळवाणे प्रकरण आहे, पण अध्यक्षांच्या पत्रापेक्षा उपयोगी.

तटबंदी मॉडेलपुरतीच असते, हेही विसरू नका. 787 च्या मुख्य सांगाड्याचे प्रीप्रेग (आधीच रेझिन लावलेले फायबर) जपानच्या टोरेकडून येते, ए-350 चे हेक्सेलकडून. ज्याचे मॉडेल चालेल, त्याचा कारखाना चालेल.

प्रश्न : विक्री घटली तर नफा त्याच प्रमाणात घटायला हवा. या कंपन्यांचा नफा एकदम कोसळतो तो का?

कारखाना समजला की कारण कळते. पॉलिअॅक्रिलोनायट्राइलचा धागा आधी हवेत 200 ते 300 अंशांवर हळूहळू भाजतात. घाई केली तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि धागा पेटू शकतो. मग नायट्रोजनमध्ये 1,000 अंशांच्या बऱ्याच वर नेऊन कार्बन सोडून बाकी बहुतेक मूलद्रव्ये उडवतात. दोन किलो धाग्यातून साधारण एक किलो कार्बन फायबर हाती येते. या भट्ट्या सलग चालवायच्या असतात. अर्ध्या क्षमतेवरही गरम ठेवायचा खर्च, कुशल माणसे आणि घसारा जवळपास तेवढाच राहतो.

हेक्सेलची विक्री 2019 मध्ये सुमारे 235 कोटी डॉलर होती, 2021 मध्ये 132 कोटी. घट 44 टक्क्यांची. निव्वळ नफा मात्र 30 कोटींच्या वरून 2 कोटींच्या आत आला. 2020 मध्ये लाभांश थांबवला, तो 2022 मध्ये पुन्हा सुरू झाला. 2024 मध्ये विक्री 190 कोटींवर आली तरी नफा सुमारे 13 कोटीच होता, म्हणजे जुन्या पातळीच्या निम्म्याहूनही कमी. रिकामी क्षमता पूर्ण भरेपर्यंत असे होते.

या नाण्याची दुसरी बाजू रोख प्रवाहाच्या पानावर दिसते. क्षमता आधीच बांधलेली असेल तर नव्या यंत्रांवर फारसा खर्च होत नाही. मग घसारा भांडवली खर्चापेक्षा मोठा राहतो आणि हातात येणारी रोकड नफ्याहून जास्त दिसते. 2024 मध्ये हेक्सेलची मुक्त रोकड (धंद्यातून आलेल्या रोकडीतून भांडवली खर्च वजा जाता उरलेली) 20 कोटी डॉलरच्या आसपास होती. त्यामुळे भांडवली खर्च आणि घसारा हे दोन आकडे पाच वर्षांचे शेजारी-शेजारी लिहून काढा. खर्च घसाऱ्याच्या दुप्पट होऊ लागला की कंपनी पुन्हा बांधकामाच्या फेरीत शिरली असे समजा, आणि कुठल्या मॉडेलच्या भरवशावर, हे शोधा.

साठ्याकडेही लक्ष ठेवा. फायबर गोदामात टिकते, पण रेझिन लावलेले प्रीप्रेग उणे 18 अंशांत ठेवूनही साधारण वर्षभरच चालते. फ्रीजरबाहेरचे तास वेगळे मोजले जातात. विक्री स्थिर असताना तयार मालाचा साठा फुगत असेल, तर त्यातला काही भाग पुढे निर्लेखित होऊ शकतो.

प्रश्न : पी-ई 200 च्या पुढे असलेला समभाग महाग म्हणून सोडून द्यायचा ना?

चक्राच्या तळाशी पी-ई, म्हणजे भाव भागिले समभागामागचा नफा, निरुपयोगी असतो. 2021 च्या अखेरीस हेक्सेलचा भाव 50 डॉलरच्या आसपास आणि समभागामागचा वर्षाचा नफा 20 सेंटच्या आसपास होता, म्हणजे पी-ई सुमारे 250. भाजक लहान झाला, एवढाच त्याचा अर्थ. उलट शिखरावर नफा भरघोस असतो आणि पी-ई स्वस्त वाटतो. आपल्याला पटेल तो मासिक वेग आणि शिपसेट धरून सामान्य वर्षातला नफा काढा आणि भाव त्याच्याशी ताडून पाहा. वेग कंपनीने जाहीर केलेल्या लक्ष्यापेक्षा कमीच धरा.

प्रश्न : पवनचक्क्या आणि सायकलींसाठी फायबर बनवणारी कंपनी ‘आम्ही एरोस्पेसमध्येही आहोत’ म्हणते. ती या यादीत बसते का?

विक्रीतला वाटा विचारा. पवनचक्कीच्या पात्याला सहसा 50 हजार तंतूंचा जाड, स्वस्त जुडगा चालतो. विमानाच्या मुख्य सांगाड्यासाठी 12 किंवा 24 हजार तंतूंचा जुडगा लागतो. दोन्हींचे भाव, ग्राहक आणि नफ्याचे गणित वेगळे. टोरेसारखी मोठी कंपनी दोन्ही करते, शिवाय तिचे कापड आणि रसायनांचे व्यवसायही आहेत. तिचा समभाग घेतला की विमानाचा हिस्सा थोडाच हाती येतो.

प्रश्न : पुढचे छोटे विमान कंपोझिटचे असेल, तेव्हा या कंपन्यांचे सोने होईल का?

तसे झाले तर शिपसेट कित्येक पटींनी वाढेल, हे खरे. पण प्रीप्रेगचा भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या बंद भट्टीत, साधारण 180 अंशांवर, सात बार दाबाखाली तासन्‌तास ठेवावा लागतो. महिन्याला दहा विमानांसाठी हे परवडते. एअरबस ए-320 च्या कुटुंबासाठी महिन्याला 75 चे लक्ष्य ठेवून आहे, त्या वेगाला ही पद्धत जड जाते. म्हणूनच ऑटोक्लेव्हशिवाय कोरड्या कापडात रेझिन ओढून घेण्याची पद्धत आणि गरम करून पुन्हा मऊ करता येणारे थर्मोप्लास्टिक यांवर काम चालू आहे. या बदलात आजचा प्रीप्रेगचा दादा उद्याही दादा राहील असे धरू नका. कंपनीच्या संशोधन खर्चात या दोन्हींचा उल्लेख आहे का, आणि कुठल्या विमान कंपनीसोबत, ते पाहा. नवे विमान जाहीर झाल्यापासून त्याची भरघोस विक्री सुरू होईपर्यंत दशकभर जाऊ शकते, आणि क्षमता बांधायचा खर्च त्याच्या आधी करावा लागतो.