इटलीचे फुटबॉलपटू फ्रँको बारेसी यांची गणना सर्वश्रेष्ठ बचावपटूंमध्ये का केली जाते?

बारेसी यांची १९७८ ते १९९७ ही सारी व्यावसायिक कारकीर्द एसी मिलान या एकाच क्लबमध्ये गेली. मॅचफिक्सिंग प्रकरणामुळे १९८० मध्ये आणि खराब कामगिरीमुळे १९८२ मध्ये मिलानची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली, तरीही त्यांनी क्लब सोडला नाही. माझ्या मते, सहा लीग विजेतेपदांइतकीच ही निष्ठाही मोलाची आहे.

उंची जेमतेम १७६ सेंटीमीटर असूनही धिप्पाड आघाडीपटूंना ते भारी पडत, कारण चेंडू कुठे येणार हे त्यांना आधीच उमगत असे. प्रशिक्षक आरिगो साक्की यांच्या संघात ते हात उंचावून ऑफसाइडचा (बचावफळीच्या मागे राहिलेल्या आघाडीपटूला पास देणे नियमबाह्य ठरते, त्याचा) इशारा करत पुढे सरकत, तेव्हा संपूर्ण बचावफळी त्यांच्यासोबत एका रेषेत पुढे येई. १९८९ आणि १९९० च्या युरोपियन चषकांमागे या शिस्तीचा मोठा वाटा होता.

१९९४ च्या विश्वचषकात नॉर्वेविरुद्ध त्यांच्या गुडघ्याला दुखापत झाली. शस्त्रक्रियेनंतर महिना उलटण्याआधीच ते अंतिम सामन्यात उतरले आणि ब्राझीलचे आघाडीपटू रोमारिओ व बेबेटो यांना त्यांनी १२० मिनिटे गोल करू दिला नाही. पेनल्टी शूटआउटमध्ये इटलीचा पहिलाच फटका त्यांनी गोलपट्टीवरून बाहेर मारला, हे खरे. मात्र लोकांच्या लक्षात राहिली ती त्यांचे सहकारी रोबेर्तो बाज्जिओ यांची हुकलेली पेनल्टी. १९९७ मध्ये ते निवृत्त झाल्यावर मिलानने त्यांचा ६ क्रमांकाचा शर्टही कायमचा निवृत्त केला.