विकतचं रापणं

प्रश्न : आमचा होमस्टे आहे. परदेशी पाहुण्यांसाठी एक वापरलेला टॅनिंग बेड, म्हणजे कातडी रापवायला अतिनील किरण सोडणाऱ्या नळ्यांचा पलंग, स्वस्तात मिळतोय. ‘युरोपच्या मानकाचा आहे, धोका नाही,’ असं विकणारा म्हणतो. घ्यावा का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : घेऊ नका. ते मानक काय सांगतं पाहा. त्वचा भाजणाऱ्या किरणांची मर्यादा दर चौरस मीटरला 0.3 वॅट. अतिनील निर्देशांकात, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा जोर सांगणाऱ्या आकड्यात, मोजलं तर 12. मे महिन्यात निरभ्र दुपारी चिवल्याच्या वाळूत उभं राहिलं की साधारण एवढंच ऊन लागतं. म्हणजे नियमातलं यंत्रसुद्धा वैशाखाचं ऊनच विकतं, जे तुमच्या खळ्यात फुकट पडतं.

अतिनील किरणांचे यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकार इथे महत्त्वाचे. या नळ्यांतून मुख्यतः यूव्हीए किरण येतात. ते कातडी कमी भाजतात, पण यूव्हीबीपेक्षा खोल जातात. म्हणून ‘लाल झालो नाही, म्हणजे सगळं ठीक’ हा हिशेब इथे फसतो. रापणं ही पेशींच्या डीएनएला इजा पोचल्यावर त्वचेनं केलेली सारवासारव असते.

जुन्या यंत्राची आणखी एक गोम. नळ्या वापरून मंदावतात. त्या बदलताना जास्त यूव्हीबीची नळी बसली, की कालच्याच 10 मिनिटांत आज अंगावर फोड येतात. टाइमर अडकला तर विचारूच नका. डोळ्यांना खास गॉगल लागतो, नुसत्या मिटल्या पापण्या पुरत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2009 मध्ये ही यंत्रं तंबाखूच्याच गटात, म्हणजे कर्करोग निश्चित करणाऱ्या गोष्टींत टाकली. त्याच वर्षी ब्राझीलनं सौंदर्यासाठी त्यांचा वापर बंद केला. ऑस्ट्रेलियात 2016 उजाडेपर्यंत हा धंदाच उठला. ब्रिटननं 18 वर्षांखालच्यांना मनाई केली, अमेरिकेनं 2014 मध्ये ठळक इशारा सक्तीचा केला. आमच्या मते पूर्ण बंदीच बरी. वयाची अट कागदावर सोपी, पण काउंटरवर जन्मतारीख कोण बघतो?

प्रश्न : कोडासाठी इस्पितळात किरण घेतो. खेप वाचवायला पार्लरमधला टॅनिंग बेड चालेल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. तुम्हाला बहुधा 311 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा यूव्हीबी देतात. आठवड्यातून 2–3 वेळा, एक दिवस आड, मात्रा मिलिज्यूलमध्ये, म्हणजे किरणांच्या ऊर्जेच्या मापात, मोजून आणि हळूहळू वाढवून. टॅनिंग बेडमध्ये मोजतात फक्त मिनिटं. शिवाय कोणी बावचीचं तेल लावायला सांगितलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बावचीत सोरालेन असतं. त्यावर यूव्हीए पडला की कातडी भाजते, आणि तेही लगेच कळत नाही. लाली दोनेक दिवसांनी चढते.

प्रश्न : नवरा बोटीवर असतो. खालच्या ओठावर पांढरट खपली धरते, निघते, पुन्हा धरते.
– एक वाचक, हर्णै

उत्तर : तीन आठवडे उलटूनही भरत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते तुकडा काढून तपासायला सांगतील, टाळू नका. विडी-तंबाखू असेल तर तेही सांगा. खालच्या ओठावर ऊन थेट पडतं. टोपीची कड वरचं ऊन अडवते, पण पाण्यावरून उसळलेलं नाही. म्हणून दर्यावर जाताना ओठाला झिंक ऑक्साइडचं मलम लावायचं आणि चहा-जेवणानंतर पुन्हा.