टॉवेलची ऑर्डर अडकते कुठं ते आधी बघा, मग सॉफ्टवेअर

या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्मी तरी एकाच गोष्टीवर आहेत, ऑफिसातलं काम आपोआप पुढं सरकावं म्हणून कुठलं सॉफ्टवेअर (बीपीएम म्हणतात ते) घ्यायचं. एक मोठं पत्र पूर्ण घेतो, कारण असा कारखाना सोलापुरात गल्लोगल्ली आहे. बाकी दोन थोडक्यात.

प्रश्न : सर नमस्कार. आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना आहे, ४८ लूम, ऑफिसात आम्ही ११ जण. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, भाऊ ती डायरीत उतरवतो, शेड, म्हणजे रंगाची छटा, पास करायला वडील लागतात, सूत मी मागवतो, हिशोब टॅलीत. मागच्या सीझनला दोन ऑर्डरी उशिरा गेल्या, पार्टीनं बिलातून पैसे कापून घेतले. आता बीपीएम सॉफ्टवेअर घ्यायचं नक्की केलंय, पण एक जण किसफ्लो म्हणतो, एक झोहो क्रिएटर, पुण्याचा मेहुणा पॉवर ऑटोमेट म्हणतो, पुतण्या म्हणतो कॅमुंडा सगळ्यात भारी आणि फुकट, आमचे सीए म्हणतात ईआरपीनेक्स्ट बघा. डेमो बघून बघून डोकं फिरलंय, सगळेच छान दिसतात. काय घ्यावं?

उत्तर : दादा, डेमोत सगळेच छान दिसतात कारण तिथं मंजुरी देणारा माणूस शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो, तो बटण दाबतो आणि काम पुढं जातं. तुमच्याकडं तो माणूस म्हणजे तुमचे वडील, आणि ते त्या वेळी डाईंगला, म्हणजे रंगाईच्या खात्यात, उभे असतात, मोबाईल शर्टाच्या खिशात, मशीनच्या आवाजात रिंगसुद्धा ऐकू येत नाही. सॉफ्टवेअरची परीक्षा तिथं होते.

आधी एक गोंधळ मिटवू. तुम्ही लिहिलेली पाच नावं एका जातीची नाहीतच, म्हणून त्यांची तुलना करताना डोकं फिरतंय.

कॅमुंडा हे इंजिन आहे. बर्लिनची कंपनी, ॲक्टिव्हिटी नावाच्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पातून २०१३ ला वेगळी वाट धरलेली. त्यात कामाचं चित्र काढायचं, बीपीएमएन म्हणतात त्या ठरलेल्या खुणांमध्ये, आणि इंजिन ते चित्रच चालवतं. ताकद प्रचंड आहे, ते मी मनापासून मानतो, पण स्क्रीन, फॉर्म, टॅलीची जोडणी हे सगळं प्रोग्रामिंग येणाऱ्या माणसानं बांधायचं असतं. बँका, विमा कंपन्या ते घेतात कारण त्यांच्याकडं तशी टीम पगारावर असते, तुमच्याकडं नाही. आणि पुतण्याला सांगा, फुकट ही जुनी गोष्ट झाली. कॅमुंडा ७ ची फुकट आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये शेवटची निघाली, आणि कॅमुंडा ८ आपल्या सर्व्हरवर खऱ्या धंद्यासाठी चालवायचं तर ८.६ पासून लायसन घ्यावं लागतं. फुकटच इंजिन हवं असेल तर फ्लोएबल आहे, तेही ॲक्टिव्हिटीतूनच २०१६ ला निघालं, पण माणूस तसाच लागणार.

किसफ्लो आणि झोहो क्रिएटर दोन्ही चेन्नईच्या कंपन्यांचे, दोन्हीत फॉर्म ओढून ठेवायचा, कुणाकडून कुणाकडं जायचं ते जोडायचं, कोड जवळजवळ नाही. झोहो क्रिएटरमध्ये पुढं जाऊन काही वेगळं करायचं झालं तर डेल्यूज नावाची त्यांची सोपी भाषा शिकावी लागते, हिशोबाच्या माणसालाही ती जमते, मी शिकवलीय.

पॉवर ऑटोमेट आधी मायक्रोसॉफ्ट फ्लो होतं, २०१९ ला नाव बदललं. आउटलुक, एक्सेल, टीम्स यांच्यावर चालणाऱ्या ऑफिसला ते फार सोयीचं, मेहुणा पुण्यात तसल्याच ऑफिसात असणार. पण त्यात एक गोष्ट आहे जी डेमोत कुणी सांगत नाही. एकदा सुरू झालेला फ्लो, म्हणजे पायऱ्यांची साखळी, जास्तीत जास्त ३० दिवस चालतो, त्यानंतर मंजुरीची वाट बघत थांबलेली पायरी तशीच बंद पडते. तुमची एक्सपोर्टची ऑर्डर सूत मागवण्यापासून कंटेनर भरेपर्यंत दोन महिने सहज घेते. म्हणजे अख्खी ऑर्डर एका फ्लोमध्ये धरता येणार नाही, तुकडे करून प्रत्येक तुकड्याची नोंद दुसरीकडं ठेवावी लागेल. जमतं, पण ते बांधणारा माणूस हुशार लागतो.

ईआरपीनेक्स्ट हे मुळात बीपीएम नाहीच, ती ईआरपी आहे, मुंबईच्या फ्रापे कंपनीची, ओपन सोर्स. ऑर्डर, सुताचा स्टॉक, खरेदी सगळं त्यात असतं आणि वर वर्कफ्लोची सोय आहे, म्हणजे कागद कुठल्या अवस्थेत आहे, पुढं कोण ढकलू शकतो, कुठल्या अटीवर. माणशी लायसन नाही हे तुमच्यासाठी मोठं, कारण उद्या शिलाई विभागातल्या सुपरवायझरलाही लॉगिन द्यायचं असेल.

आता खरा मुद्दा. दोन वर्षांपूर्वी हैदराबाद रोडकडच्या एका कारखान्यात मला असंच बोलावलं होतं. मी सॉफ्टवेअरचं नाव न काढता दोन दिवस एका ऑर्डरच्या फायलीमागं फिरलो. निळी पुठ्ठ्याची फाईल, रबर लावलेलं, आत पार्टीचा मेसेज प्रिंट करून आणि शेडचा चिंध्यासारखा तुकडा स्टेपल केलेला. फाईल डायरीतून खरेदीकडं दहा मिनिटांत गेली. खरेदीतून डाईंगला दुपारपर्यंत. आणि डाईंगच्या टेबलावर ती पडली, वर चहाचा ग्लास, पुठ्ठ्यावर त्याचा गोल डाग. शेड तयार होती, मालकांनी ती बघून तोंडानं ‘चालंल’ म्हटलंही होतं, पण कागदावर सही नव्हती म्हणून वार्पिंगवाला बीम (ताण्याचं सूत गुंडाळायचा रूळ) भरायला घेत नव्हता, आणि तो बरोबर होता, कारण आधी एकदा तोंडी होकारावर भरलेला बीम त्याच्या माथी मारला होता. त्या फायलीचं काम सगळं मिळून काही तासांचं, आणि पडून राहणं साडेतीन दिवस. लूमचा वेग वाढवून ते साडेतीन दिवस परत येत नाहीत.

म्हणून तुम्हीपण आधी हेच करा. मोठा कागद घ्या, आडव्या पट्ट्या आखा, एक पट्टी भावाची, एक वडिलांची, एक तुमची, एक डाईंगची, एक वार्पिंगची, आणि मागच्या सीझनला उशीर झालेल्या त्या दोन ऑर्डरी त्यावर जशा खरंच गेल्या तशा काढा, जायला पाहिजे होत्या तशा नाही. जॉबर (लूम बघणारा) आणि डाईंग मास्तर समोर बसलेले पाहिजेत, ते तेलुगूत बोलले तरी चालेल, खडा न् खडा त्यांनाच माहीत असतो. जिथं वाट बघावी लागली तिथं लाल पेन.

तो कागद घेऊन पाचही सॉफ्टवेअरवाल्यांना बोलवा आणि म्हणा, हेच माझ्यासमोर चालवून दाखवा. मी चार गोष्टी बघतो.

पहिली, माणूस जागेवर नसताना काय होतं. शेड पास करायचं काम वडिलांकडं गेलं, चार तास झाले, आठवण जावी पण काम त्यांच्याकडंच राहावं. एक दिवस झाला की काम काढून भावाकडं जावं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीपीएमएनमध्ये त्या दोन वेगळ्या घड्याळांनी दाखवतात, तुटक रेघेचं घड्याळ नुसती आठवण देतं, सलग रेघेचं घड्याळ काम काढून घेतं. ज्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन्ही होत नाही त्याचा बाकी डेमो बघू नका.

दुसरी, दोन कामं एकाच वेळी. शेड पास होईपर्यंत सुताची चौकशी थांबायची गरज नसते, दोन्ही एकदम चालावीत आणि दोन्ही झाल्यावरच बीम भरावा. कॅमुंडा, फ्लोएबल हे सहज करतात. ईआरपीनेक्स्टच्या वर्कफ्लोमध्ये एक कागद एका वेळी एकाच अवस्थेत असतो, तिथं शेडचा कागद वेगळा आणि खरेदीचा वेगळा ठेवून मार्ग काढावा लागतो. ही अडचण नाही, पण आधी माहीत पाहिजे.

तिसरी, सीझनच्या मध्ये नियम बदलला तर आधीच सुरू असलेल्या ऑर्डरींचं काय. इंजिन असतं तिथं जुन्या ऑर्डरी जुन्या चित्रावर चालतात, नव्या नव्यावर. ईआरपीनेक्स्टसारख्या ठिकाणी बदल सगळ्यांना लगेच लागतो, म्हणून जी अवस्था काढणार तिथं अडकलेले कागद आधी पुढं सरकवून घ्या.

चौथी, टॅली. टॅलीशी बोलणं एक्सएमएल नावाच्या ठरलेल्या साच्यातून होतं, साधारण ९००० पोर्टवर, आणि ते तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. क्लाउडमधलं सॉफ्टवेअर त्या कॉम्प्युटरपर्यंत थेट पोचत नाही, मध्ये एक पूल बांधावा लागतो आणि तो कॉम्प्युटर चालू राहावा लागतो. ‘टॅली इंटिग्रेशन आहे सर’ एवढ्यावर मान डोलावू नका, एक पर्चेस व्हाउचर तुमच्या टॅलीत पडलेलं डोळ्यानं बघा.

आणि निवड करताना मी सगळ्यात जास्त वजन ज्याला देतो ते हे, की सहा महिन्यांनी पायरी बदलायची झाली तर ती तुमच्या ऑफिसातलं कोण बदलणार, त्याचं नाव सांगा. नाव सांगता येत नसेल तर ते सॉफ्टवेअर तुमच्यासाठी नाही, कितीही चांगलं असू दे. कॅमुंडासाठी तुमच्या ११ जणांत नाव नाही. झोहो क्रिएटर किंवा किसफ्लोसाठी बहुतेक तुमचा अकाउंटंट आहे.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. डायरी बंद करून सुताचा स्टॉकही एकाच जागी आणायची तयारी असेल तर ईआरपीनेक्स्ट, सीए बरोबर सांगतायत, पण स्टॉक नीट बसायला बरेच महिने धरा आणि गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर सुरू करू नका, निम्मी माणसं सुट्टीवर असतात. टॅली आणि डायरी राहू दे, फक्त अडकाअडकी सुटली पाहिजे असं असेल तर झोहो क्रिएटरमध्ये एकच गोष्ट, शेड पास करणं, एवढीच बांधा. मोबाईलवर शेडचा फोटो, पार्टीचं नाव, दोन मोठी बटणं, मराठीत. फोटोवर रंग अंतिम पास करू नका, स्क्रीनचा रंग फसवतो, फोटो नुसता ‘तुकडा तयार आहे, बघायला या’ म्हणून. वडिलांना ते बटण दाबायची सवय लागली की पुढचं सगळं सोपं आहे, नाही लागली तर कुठलंच सॉफ्टवेअर चालणार नाही.

प्रश्न : मी सुताच्या एका पेढीवर अकाउंट बघते. छोट्या पुरवठादारांची बिलं ४५ दिवसांत द्यायचा नियम आहे, त्याची आठवण आपोआप यावी, त्यासाठी एन८एन बरं की झॅपिअर?

उत्तर : ताई, आधी नियम नीट भरा, सॉफ्टवेअर नंतर. ४५ दिवस हे लेखी करार असेल तर, नसेल तर १५ च दिवस, आणि दिवस माल स्वीकारल्यापासून मोजायचे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना हे लागू, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही, म्हणून प्रत्येक पुरवठादाराच्या नावापुढं उद्यम नोंदणी, उत्पादक की व्यापारी, करार आहे की नाही, एवढे रकाने पाहिजेतच. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून हे आयकरात आलंय, मुदत चुकली तर खर्चाची वजावट पैसे दिले त्या वर्षीच मिळते, म्हणजे मार्चमध्ये फटका बसतो.

आता दोघांतला फरक. दोन्ही वेगवेगळी ॲप एकमेकांना जोडून काम आपोआप करून देणारी टूलं. झॅपिअर यशस्वी झालेली प्रत्येक कृती मोजून पैसे लावतं, एन८एनच्या क्लाउडमध्ये अख्खा फ्लो एकदा चालला की एक मोजणी, आणि स्वतःच्या सर्व्हरवर टाकला तर तीही नाही. रोज दोनशे बिलं तपासायची असतील तर एन८एन स्वस्त पडेल, पण सर्व्हर बघणारा कुणीतरी पाहिजे. दहा-वीस बिलं असतील तर खरं सांगतो, गुगल शीट आणि सकाळी येणारा एक ईमेल पुरे. व्हॉट्सॲपवर आठवण पाठवायची असेल तर अधिकृत बिझनेस एपीआयवरूनच पाठवा, पेढीच्या चालू नंबरवर भलतं टूल जोडलं तर नंबरच बंद होऊ शकतो आणि त्याच नंबरवर तुमच्या सगळ्या पार्ट्या असतात.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सोलापूरलाच. पुण्यात जॉबसाठी पेगा शिकू, ॲपियन शिकू की कॅमुंडा?

उत्तर : पेगा १९८३ पासूनची, बीपीएम सॉफ्टवेअरची अमेरिकन कंपनी, मोठ्या बँका आणि विमा कंपन्यांचं काम तिच्यावर चालतं, आणि त्यांचं शिकायचं साहित्य पेगा अकॅडमीवर फुकट आहे. ॲपियनची पण शिकण्यापुरती फुकट आवृत्ती मिळते. जावा चांगलं येत असेल तर कॅमुंडा किंवा फ्लोएबल धर, आतलं इंजिन कसं चालतं ते कळतं. क्लास लावायला पैसे भरू नकोस, निदान आत्ता तरी.

पण या तिघांच्या आधी बीपीएमएन २.० शीक, २०११ चं ते मानक आहे आणि २०१३ ला आयएसओनंही घेतलं. ते आलं की टूल बदललं तरी तुला फार अडत नाही. ब्राउझरमध्ये बीपीएमएन डॉट आयओ उघड आणि एसटीच्या पासचं चित्र काढ, कॉलेजचा शिक्का, बोनाफाईड, स्टँडवरची खिडकी, फोटो विसरला म्हणून परत पाठवलेला मुलगा, सर्व्हर बंद म्हणून उद्या या, सगळं. मग ते चित्र पहिल्या वर्षाच्या कुणाला तरी दे आणि तू काही न बोलता त्याला त्यावरून पास काढून आणायला सांग. तो जिथं अडकेल तिथं चित्र चुकलंय. ते दुरुस्त करून मला पाठव, मी बघून लिहितो.